थायरॉईडची गोळी चालू असताना सहा सप्लिमेंट एकदम सुरू करावीत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या ४७ वर्षांच्या एका ताईंना थायरॉईडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी रोज सकाळी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन गेली सहा वर्षं चालू आहे. थकवा येतो, केस गळतात, रात्री तळपायांना मुंग्या येतात. फिरायला येणाऱ्या मैत्रिणींनी सुचवलेलं आणि काही ऑनलाइन मागवलेलं धरून घरात सहा गोष्टी जमल्या आहेत: मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम-डी३ च्या गोळ्या, डी३ ची ६०,००० युनिटची पाकिटं, केसांसाठी १० मिलिग्रॅम बायोटिन, अश्वगंधा आणि काळ्या मिरीचा अर्क घातलेली हळदीची कॅप्सूल. त्या विचारतात, "विसरायला नको म्हणून सगळं सकाळी थायरॉईडच्या गोळीबरोबरच घेतलं तर चालेल का? आणि हळदीची कॅप्सूल सासूबाईंनाही देऊ का? त्यांना रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे."

ताई, दोन गोष्टी आजच सांगता येतात. थायरॉईडच्या गोळीबरोबर यातलं काहीही घेऊ नका. आणि सासूबाईंना ती कॅप्सूल देऊ नका, कारण शेवटी सांगतो. मी फार्मासिस्ट आहे. कोणती गोळी कशाशी भांडते, लेबलवर काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, हे मी सांगू शकतो. निदान आणि तुमचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा आहे.

तुम्ही वेळापत्रक विचारलं आहे. त्याच्या आधीची पायरी राहून गेली आहे: या सहापैकी प्रत्येक गोष्ट नेमकी कशासाठी, किती आणि कुठवर? ज्या बाटलीला या तिन्हींची उत्तरं नाहीत ती उघडायचीच नाही, हा मी सगळ्यांना सांगतो तो नियम. "कुठवर" हा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. काउंटरवर दिसणारे बरेचसे घोटाळे चुकीची गोळी घेतल्यामुळे होत नाहीत. बरोबर गोळी थांबवायची राहून गेली, म्हणून होतात.

आता तुमच्या तक्रारी. थकवा, केस आणि मुंग्या या तिन्हींना चार-पाच तरी कारणं असू शकतात. थायरॉईडचा डोस कमी पडत असेल तरी थकवा येतो आणि केस गळतात. ४७ व्या वर्षी पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, तर लोहाचा साठा संपून हेच होतं. अशा वेळी लोहाच्या गोळीबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवणंही गरजेचं आहे. नाहीतर गोळी एकीकडून भरत राहते आणि दुसरीकडून रक्त जात राहतं. मुंग्या मधुमेहामुळे येतात, बी१२ कमी झाल्यामुळे येतात, आणि बी६ जास्त झाल्यामुळेही येतात. हे शेवटचं लोकांना पटत नाही. "नसांच्या गोळ्या" म्हणून मिळणाऱ्या मिश्रणांत बी६ असतं. ते मोठ्या मात्रेत बरेच महिने घेतलं की नसांनाच इजा होते, मग मुंग्या वाढल्या म्हणून माणूस गोळीही वाढवतो.

म्हणून आधी तपासणी. तुमच्या बाबतीत मी डॉक्टरांना या चाचण्यांबद्दल विचारायला सांगेन: हिमोग्राम, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, टीएसएच (थायरॉईडची चाचणी; शरीराला थायरॉईडचं संप्रेरक कमी पडलं की हे वाढतं), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी आणि रक्तातलं कॅल्शियम. एरवी ठणठणीत असणाऱ्या माणसानं दरवर्षी व्हिटॅमिनचं पॅकेज करत बसण्याची गरज नसते. तुम्हाला लक्षणं आहेत आणि मेटफॉर्मिन चालू आहे, म्हणून तुमच्यासाठी हा खर्च सार्थ आहे.

बायोटिन सुरू केलं असेल तर रक्त देण्याआधी किमान तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा. शरीराला दिवसाला ३०–४० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. तुमच्या गोळीत १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम आहे. रक्तचाचण्यांच्या काही यंत्रांत बायोटिनवर आधारलेलं रसायन वापरतात. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी४, म्हणजे थायरॉईडचं संप्रेरक, खोटं जास्त दिसतं. रिपोर्ट पाहून डॉक्टरांना वाटतं थायरॉईडची गोळी जास्त होतेय, आणि ते डोस कमी करतात. तुमचा थकवा आणि केस गळणं मग आणखी वाढणार. अशाच यंत्रांवर बी१२ आणि डी खोटे जास्त दिसू शकतात. हार्ट अटॅकची ट्रोपोनिन चाचणीही खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, म्हणजे एफडीएनं, याबद्दल २०१७ साली इशारा दिला होता आणि २०१९ मध्ये पुन्हा दिला. बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित आढळते आणि ती नसताना बायोटिननं केस वाढतात याला भक्कम आधार नाही. ही बाटली बाजूला ठेवा.

रिपोर्ट येईपर्यंत एक काम घरी करा. सगळ्या बाटल्या, पाकिटं आणि डॉक्टरांच्या गोळ्या टेबलावर मांडा, एका कागदावर घटक आणि त्यांची मात्रा लिहा, आणि बेरीज करा. तुमच्याकडे डी तीन ठिकाणी आहे: मल्टिव्हिटॅमिनमध्ये, कॅल्शियमच्या गोळीत आणि पाकिटात. एकक जपून वाचा. काही लेबलांवर युनिट असतात, काहींवर मायक्रोग्रॅम. डी साठी ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६०,००० युनिटचं पाकीट १,५०० मायक्रोग्रॅमचं झालं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाची रोजची गरज ६०० युनिट, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम आहे, आणि स्वतःच्या मनानं रोज ४,००० युनिटच्या वर जायचं नाही.

कॅल्शियमच्या गोळीवर "कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मिलिग्रॅम" असं लिहिलेलं असतं. त्यातलं शरीराच्या उपयोगाचं, ज्याला एलिमेंटल म्हणतात ते, ४० टक्के म्हणजे ५०० मिलिग्रॅम. लोहाचंही तसंच आहे: मोठा आकडा क्षाराचा की एलिमेंटल लोहाचा, हे पाहायचं. मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह आणि झिंक आहे का तेही बघा. झिंक बरेच महिने रोज ४० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि त्यातून रक्त कमी होणं, मुंग्या येणं असे नवे प्रश्न उभे राहतात.

आता एकेक गोष्ट घेऊ.

डी३ ची ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा घ्यायची असते, साधारण आठ आठवडे, आणि तीही कमतरता आढळली तर. नेहमीची चूक म्हणजे ती रोज घेतली जाते. चिठ्ठीवर "आठवड्यातून एक" लिहिलेलं असतं, पण चार पाकिटं एकदम घरी येतात आणि बाकीच्या गोळ्यांबरोबर रोज एक संपते. दुसरी चूक म्हणजे कोर्स संपल्यावर जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा आणत राहणं. डी चरबीत साठतं, लघवीवाटे पटकन निघून जात नाही. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग भूक मरते, मळमळ आणि उलट्या होतात, बद्धकोष्ठ होतं, खूप तहान लागते, लघवी वाढते, गोंधळल्यासारखं होतं, आणि मूत्रपिंडाला इजा होते. मळमळ आणि बद्धकोष्ठ म्हणून माणूस पित्ताचं औषध घेत राहतो, डी कडे लक्षच जात नाही. म्हणून पाकिटं आणली की त्याच दिवशी कॅलेंडरवर आठ तारखांवर खूण करा. दर रविवारी दुपारच्या जेवणानंतर, जेवणात तेल-तूप असताना घ्या, म्हणजे नीट शोषलं जाईल.

फिरायला जाणाऱ्या बऱ्याच जणांना डी कमी निघालं की आश्चर्य वाटतं. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी सहाला कितीही फेऱ्या मारल्या, तरी त्या वेळी सूर्य इतका खाली असतो की डी तयार करणारे किरण जवळपास पोहोचतच नाहीत. त्यासाठी साधारण ११ ते ३ या वेळातलं ऊन लागतं. नाशिकचा एप्रिल-मे सोडून इतर महिन्यांत थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवून बसता आलं तर जरूर बसा.

बी१२ बद्दल माझी शंका सगळ्यात जास्त आहे. मेटफॉर्मिन आतड्यात बी१२ शोषलं जाण्यात अडथळा आणतं आणि ही घट वर्षानुवर्षं हळूहळू होते. तुम्ही शाकाहारी असाल तर दूध-दह्याशिवाय दुसरा स्रोत नाही. पित्तासाठी पँटोप्राझोलसारखी गोळी कायम चालू असेल तर आणखी भर. रिपोर्टमध्ये मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात, २०० ते ३०० मध्ये असेल आणि मुंग्या असतील तर डॉक्टर बहुधा उपचार सुरू करतात. रोज १,००० मायक्रोग्रॅमच्या आसपासची गोळी बऱ्याच जणांना पुरते. मोठ्या मात्रेतला अगदी थोडा भाग कोणत्याही मदतीशिवाय आतड्यातून शिरतो, आणि तेवढा पुरेसा असतो. मुंग्यांबरोबर तोल जाणं, बधिरपणा असेल तर इंजेक्शनच हवं, त्यात वेळ घालवू नका. साधं बी१२ मागा. दहा घटकांच्या मिश्रणाची गरज नाही, आणि प्रीगॅबलिन (नसांच्या दुखण्याचं औषध) मिसळलेली गोळी तर चिठ्ठीशिवाय घ्यायचीच नाही, तिनं गुंगी येते. नुसतं फॉलिक अॅसिड घेत राहणंही टाळा. त्यानं रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी१२ अभावी नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

लोह तुमच्या यादीत वेगळं नाही, पण फेरिटिन कमी आलं तर येईल. फक्त हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून लोह सुरू करू नये. थॅलेसीमिया मायनर हा रक्तातला आनुवंशिक दोष असलेल्यांचं हिमोग्लोबिन कायम थोडं कमी असतं, आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचाही विचार करावा लागतो. अशांना लोहाचा साठा भरपूर असताना वर्षानुवर्षं गोळ्या देत राहिलं तर अपायच होतो. फेरिटिन खरोखर कमी असेल तर एक दिवसाआड गोळी घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. लोह पोटात गेलं की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि दुसऱ्या दिवशीचं लोह कमी शोषलं जातं. दिवसाआड घेतल्यावर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त कामी येतं आणि पोटही कमी बिघडतं. शौचाला काळी होणं अपेक्षित आहे. डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधीची झाली तर मात्र आतून रक्तस्राव होतोय का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.

कॅल्शियमची आधी जेवणातली बेरीज करा. प्रौढाची गरज १,००० मिलिग्रॅम. दोन कप, म्हणजे सुमारे ४०० मिलिलिटर दुधातून किंवा तेवढ्याच दह्यातून साधारण ४८० मिळतं. ५० ग्रॅम नाचणीच्या भाकरीतून सुमारे १८०, तिळाच्या १० ग्रॅम चटणीतून १०० च्या थोडं वर. नाचणी-तिळातलं सगळं शोषलं जात नाही हे खरं, तरी उरलेली तूट बहुधा एका गोळीपेक्षा मोठी नसते. दोन गोळ्या रोज "हाडांसाठी" कशाला? एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तसंही नीट शोषलं जात नाही. मुतखड्याचा त्रास झालेला असेल तर गोळी विचारल्याशिवाय नको. जेवणातलं कॅल्शियम मात्र त्यांनीही बंद करायचं नसतं, कारण ते आतड्यातलं ऑक्झलेट, म्हणजे खडे बनवणारा घटक, बांधून ठेवतं.

हे सगळं लागेलच असं नाही. पण लागलं, तर दिवस असा लावा. सकाळी ६ ला थायरॉईडची गोळी, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा किमान अर्ध्या तासानं, तासानं झाला तर उत्तम. मेटफॉर्मिन तुमच्या नेहमीच्या जेवणाबरोबर, बी१२ त्याच्याबरोबर घेतलं तरी चालतं. लोह असेल तर ११ च्या सुमारास, लिंबूपाण्याबरोबर. थायरॉईडच्या गोळीनंतर चार तास उलटून गेलेले असतात, आणि त्याच्या आगेमागे दोन तास चहा-कॉफी नको. कॅल्शियम कार्बोनेट रात्रीच्या जेवणानंतर, कारण त्याला जेवणातलं आम्ल लागतं. कॅल्शियम आणि लोह दोन्ही थायरॉक्सिनला, म्हणजे तुमच्या थायरॉईडच्या गोळीतल्या संप्रेरकाला, आतड्यात पकडून ठेवतात, म्हणून चार तासांचं अंतर. सकाळी सगळं एकत्र घेतलं असतंत, तर गोळी नेमानं पोटात गेली असती आणि टीएसएच तरीही वाढत गेलं असतं. कॅल्शियम किंवा लोह सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करून घ्या.

विसरण्याची भीती असेल तर चार खणांचा साप्ताहिक डबा मेडिकलमध्ये मिळतो. घरात लहान मूल येत-जात असेल तर लोहाच्या गोळ्या त्या डब्यात ठेवू नका, उंचावर कुलपात ठेवा. गोड आवरणाच्या त्या गोळ्या चॉकलेटसारख्या दिसतात, आणि थोड्याशा गोळ्यांनीही लहान मुलाला जीवघेणी विषबाधा होते.

अश्वगंधा तुमच्यासाठी मी नको म्हणेन. तिनं थायरॉईडचं संप्रेरक वाढल्याची उदाहरणं आहेत, साखर कमी होऊ शकते, आणि दोन्हींची औषधं तुम्हाला आधीच चालू आहेत. काही जणांना ती सुरू केल्यावर काही आठवड्यांनी कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. प्रमाण कमी असलं, तरी कोणाला होईल ते आधी कळत नाही. हळदीच्या कॅप्सूलचंही तसंच. भाजीतली चमचाभर हळद पिढ्यानपिढ्या खाल्ली जाते, तिला काही हरकत नाही. पण कॅप्सूलमध्ये हळदीतला मुख्य घटक कर्क्युमिन शेकडो मिलिग्रॅम असतो, आणि काळ्या मिरीतल्या पायपरिनमुळे ते रक्तात कितीतरी पटीनं जास्त शिरतं. अशा उत्पादनांनी यकृताला सूज आल्याच्या घटना इटलीत २०१९ मध्ये एकापाठोपाठ नोंदल्या गेल्या. पायपरिन इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतं. यातलं काही घेतलं असेल आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांकडे बाटली घेऊन जा.

मल्टिव्हिटॅमिन जेवण नीट असेल तर बहुधा लागत नाही. घ्यायचंच असेल तर प्रत्येक घटक रोजच्या गरजेच्या १०० टक्क्यांच्या आसपास असलेलं निवडा, १,००० टक्के लिहिलेलं नको. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्यांना जास्त मात्रेचं बीटा-कॅरोटिन (शरीरात ज्याचं व्हिटॅमिन ए बनतं) देऊ नका. फिनलंडमधल्या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांमध्ये त्यानं फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला होता. आणि गरोदर राहण्याची शक्यता असलेल्या लेकी-सुनांना तुमची बाटली देऊ नका, व्हिटॅमिन ए जास्त झालं तर गर्भात दोष निर्माण होतात.

विकत घेताना बिल घ्या, मग दुकान गल्लीतलं असो की गोळे कॉलनीच्या औषधबाजारातलं. सप्लिमेंटवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरण) १४ अंकी परवाना क्रमांक आणि "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची सूचना असते. तो क्रमांक फॉसकॉस या त्यांच्या परवान्यांच्या संकेतस्थळावर टाकून कंपनीचं नाव जुळतंय का बघा. परवाना आहे म्हणजे ते तुमच्या आजारावर चालतं, असा त्याचा अर्थ होत नाही. "प्रोप्रायटरी ब्लेंड" म्हणून एकच बेरीज दिली असेल आणि घटकांची वेगळी मात्रा नसेल, तर परत ठेवा. साधं बी१२ किंवा कॅल्शियम जनऔषधी केंद्रात बरंच स्वस्त मिळतं. ऑनलाइनची पार्सलं मे महिन्यात तासन्‌तास गाडीत तापतात, त्यामुळे चिकटलेल्या कॅप्सूल किंवा वितळलेल्या गमीज आल्या तर वापरू नका.

रिपोर्ट आल्यावरही एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करा आणि दोन आठवडे थांबा. तीन एकदम सुरू केल्या आणि अंगावर पुरळ आलं, तर कशानं आलं हे कुणालाच सांगता येणार नाही. काही अपाय झाला तर पट्टी किंवा बाटली फेकू नका, बॅच क्रमांक लागतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतःही करू शकतो.

आता सासूबाई. कर्क्युमिनमुळे रक्त गोठण्याची क्रिया आणखी मंदावू शकते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ते एकत्र आलं की रक्तस्रावाचा धोका वाढतो. लसणाच्या कॅप्सूल, जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि जास्त मात्रेतलं फिश ऑइल यांनाही हेच लागू आहे. त्यांची गोळी वॉरफेरिन किंवा अॅसेनोकुमारॉल असेल तर मल्टिव्हिटॅमिनमधलं व्हिटॅमिन के उलट्या दिशेनं काम करतं, म्हणून तेही विचारल्याशिवाय नको. पालक-मेथीतही व्हिटॅमिन के असतं, पण ती बंद करायची नाही, फक्त दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात ठेवायची. कॅप्सूल आधीच काही दिवस दिली गेली असेल तर आज थांबवा आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन करून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती चाचणी) लवकर करायचा का ते विचारा. हिरड्यांतून रक्त, न लागता उठलेले काळे-निळे डाग, काळी शौचाला, किंवा पडून डोक्याला मार यातलं काही असेल तर फोन करत बसू नका, थेट रुग्णालयात न्या आणि दोन्ही पट्ट्या सोबत ठेवा.